पेलेटची शेगडी घ्यायची की नाही? कर्जाचा ठराव करण्याआधी एवढं वाचा



गेल्या महिन्यात प्रभाग संघाच्या बैठकीत तीन गटांनी एकाच विषयाचा ठराव मांडला. ऊसतोडीला जाणाऱ्या तीस सदस्यांना दसऱ्याच्या आत अंतर्गत कर्ज द्यायचं आणि त्यातून प्रत्येकीने पेलेटवर चालणारी छोटी शेगडी घ्यायची. शेगडीचा विक्रेता गावात येऊन प्रात्यक्षिक दाखवून गेला होता. हातात उचलून नेता येईल एवढा डबा, त्यात मूठ-मूठ लाकडी गोळ्या टाकल्या, वरून पेटवल्या आणि थोड्याच वेळात चहा उकळला. भांडं काळं झालं नाही, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बायकांना शेगडी आवडली यात नवल काहीच नाही.

ठराव आपण महिनाभर पुढे ढकलला. काहीजणी माझ्यावर नाराज झाल्या, "ताई, चांगलं काही आलं की तुम्ही लोक कागद मागता," असंही एक काकू म्हणाल्या. म्हणून विक्रेत्याकडून एक शेगडी आणि एक पोतं पेलेट घेऊन आम्ही तीन घरांत फिरवलं. त्यातलं एक घर दरवर्षी कारखान्यावर जाणाऱ्या ताईंचं होतं. तिथे जे दिसलं आणि या शेगडीबद्दल जी माहिती आहे, ती सगळी या लेखात एकत्र देते. वाचून झालं की आपापल्या गटात बोला.

पेलेट म्हणजे काय

जनावरांची गोळी पेंड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. पेलेट दिसायला अगदी तशीच असते. जाडी करंगळीपेक्षा कमी, साधारण ६ ते ८ मिलिमीटर, आणि लांबी एक-दोन पेरांएवढी. आमच्या चाचणीच्या घरातल्या आजींनी तर पोत्यात हात घालून "म्हशीला किती घालायची?" असंच विचारलं. आपल्याकडे काहीजणी तिला कांडी म्हणतात, काही गोळी. मी पेलेटच म्हणते.

ती बनते लाकडाच्या भुशापासून, नाही तर शेतातल्या काडीकचऱ्यापासून. भुईमुगाची टरफलं, तुरीच्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचं कुटार, उसाचं चिपाड, असं काहीही चालतं. हा माल आधी वाळवतात, मग बारीक दळतात आणि मशीनमध्ये प्रचंड दाबाने लोखंडी चाळणीच्या भोकांतून ढकलतात. दाबामुळे माल तापतो. लाकडात मुळातच एक चिकट घटक असतो, तो उष्णतेने मऊ होतो आणि गार झाल्यावर सगळं घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे चांगल्या पेलेटमध्ये वेगळा डिंक किंवा रसायन घालावं लागत नाही.

एवढा खटाटोप का करायचा? कारण भुसा हलका असतो, जागा फार खातो आणि ओला असला तर धूर करतो. पेलेटमध्ये तोच भुसा दाबून बसवलेला असतो आणि ओल दहा टक्क्यांच्या आत आणलेली असते. एक लिटरच्या डब्यात साधारण सहाशे ग्रॅम पेलेट मावते. प्रत्येक गोळी सारख्या आकाराची, सारखी वाळलेली, म्हणून जाळही सारखा लागतो.

मात्र पाणी लागलं की खेळ संपला. पेलेट फुगते आणि तिचा परत भुसा होतो. तो पुन्हा वाळवला तरी गोळी तयार होत नाही.

धूर का होत नाही

जुन्या मावशींना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्यात मधे बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली काढून घ्यायची आणि त्या भोकात जाळ करायचा. तास-दोन तास मंद चालायची. पेलेटची शेगडी तिचीच पुढची पिढी म्हणायला हरकत नाही, पण हवेची रचना वेगळी आहे.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो. तो वायू पेटला तर ज्योत होते, न पेटता तसाच निघून गेला तर आपण त्याला धूर म्हणतो. म्हणजे धूर हे खरं तर वाया गेलेलं सरपण आहे. आपल्या तीन दगडांच्या चुलीत गार हवा सगळीकडून आत येते, वायू पूर्ण जळत नाही, आणि तो आपल्या डोळ्यांत आणि छातीत जातो. घरातल्या अशा धुरामुळे होणाऱ्या आजारांनी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका आणि लहान मुलांना धूर सगळ्यात जास्त सोसावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पेलेटच्या शेगडीला भोकांच्या दोन रांगा असतात. खालच्या भोकांतून थोडी हवा येते, तिच्यावर पेलेट धुमसते आणि वायू सोडते. वरच्या भोकांतून तापलेली हवा येते आणि तो वायू तिथेच जाळून टाकते. म्हणून ही शेगडी वरून पेटवायची असते. जाळ वर राहतो आणि आग हळूहळू खाली उतरत जाते. काही शेगड्यांना हवा ढकलायला छोटा पंखा असतो. तो बॅटरीवर चालतो आणि मोबाईलसारखा चार्ज करावा लागतो. काहींना पंखा नसतो, त्या नुसत्या ओढीवर चालतात.

पहिल्या दिवशी ही चूक मीच केली. सवयीने खालून काडी लावली. समाजमंदिर धुराने भरलं, बैठक अंगणात घ्यावी लागली आणि बायका हसून हसून दमल्या. म्हणून आता पेटवायची पद्धत नीट लिहून देते.

पेटवायची पद्धत

१. शेगडी मोकळ्यावर, सपाट जागी ठेवा. डबा उंच आणि अरुंद असतो. तव्यावर भाकरी टाकताना हाताचा धक्का लागला तर कलंडतो. बाजूने तीन विटा लावून घट्ट करा, पण खालची भोकं बुजवू नका.

२. पेलेट वरच्या भोकांच्या खाली बोटभर राहील एवढीच भरा. भोकं झाकली तर धूर होणारच.

३. वर बारीक वाळक्या काड्या आणि तेलात बुडवलेली कापसाची वात किंवा कापराच्या दोन वड्या ठेवून पेटवा. पेट्रोल, डिझेल अजिबात नको. भडका उडतो.

४. तीन-चार मिनिटं थांबा. वरच्या भोकांपाशी ज्योती दिसायला लागल्या की भांडं ठेवा.

५. अर्धा किलोच्या आसपास पेलेट पाऊण ते एक तास चालते. मधेच मूठभर टाकली तर थोडा वेळ धूर येतो. आधीच अंदाजाने भरलेली बरी.

६. ज्योत संपली म्हणजे शेगडी विझली असं नाही. खाली निखारे असतात आणि खरा धोका तिथेच आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

भाकरीचं काय

हा प्रश्न तिन्ही घरांत पहिला आला. डाळ, भात, कालवण, चहा, अंघोळीचं पाणी हे सगळं चांगलं होतं. भाकरी तव्यावर भाजते, पण चुलीसारखी आरावर टेकवून शेकता येत नाही, कारण इथे चुलीचं तोंडच नाही. जाळही हवा तसा झटकन कमी-जास्त होत नाही. पंख्याच्या शेगडीत थोडं जमतं, बिनपंख्याच्या शेगडीत फारसं नाही.

आमच्या ताईंनी यावर आपणच तोड काढली. भरल्या जाळावर आधी कालवण केलं, मग तव्यावर भाकऱ्या पाठोपाठ भाजून ठेवल्या आणि ज्योत संपल्यावर निखाऱ्यांवर जाळी ठेवून त्या एकेक शेकल्या. भाकरी फुगली. पण हे सगळं अंगणात केलं होतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न होता, पेलेट साध्या चुलीत किंवा बंबात टाकली तर? चुलीत ढीग केला तर गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, मधे हवा जात नाही आणि भरपूर धूर होतो. बंबाच्या जाळीतून त्या खाली गळतात, नाही तर जाळी बुजवतात. ज्या इंधनासाठी जी शेगडी, तिथेच ते वापरावं.

कोपीत ही शेगडी कधीही पेटवू नका

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी हा भाग दोनदा वाचावा. वाचता येत नसेल तर गटातल्या ताईंनी मोठ्याने वाचून दाखवावा.

ही शेगडी धूर करत नाही, म्हणून ती आत चालेल असं वाटतं. तसं नाही. जळताना, आणि विशेषतः निखारे धुमसताना, कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर निदान ठसका देऊन आपल्याला बाहेर काढतो, हा वायू काहीच कळू देत नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही. पोटुशी बाई, पोटातलं बाळ आणि लहान मूल यांना धोका जास्त.

पौष महिन्याची थंडी, अंगावर फाटकी गोधडी आणि कोपीत तान्हं बाळ. अशा वेळी उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी उबेला आत ओढून घ्यावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. चाचणीला शेगडी नेलेल्या आमच्या ताईच म्हणाल्या, की मागे एकदा घमेल्यात निखारे घेऊन त्या आत झोपल्या होत्या आणि पहाटे उठल्या तेव्हा डोकं फुटायला आलं होतं, दोनदा उलटी झाली. त्यांना वाटलं पित्त झालं. कोपीचं दार उघडं होतं म्हणून निभावलं, असं मला वाटतं. तुम्ही तशी परीक्षा घेऊ नका.

शिवाय कोपी असते पाचटाची किंवा प्लॅस्टिकच्या कागदाची. शेगडीचा डबा बाहेरूनही तापतो. कलंडला तर निखारे सांडतात आणि पाचट पेटायला वेळ लागत नाही.

म्हणून नियम साधे ठेवा. शेगडी कोपीच्या बाहेर, पाचटापासून चार-पाच पावलं लांब. ज्योत संपली की निखारे मातीत पुरा किंवा पाणी मारा. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय आत नेऊ नका. कुणाला शेगडीजवळ किंवा बंद जागेत डोकेदुखी, गरगर, मळमळ वाटली तर आधी तिला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. माणूस बेशुद्ध असेल तर आत शिरताना आपला श्वास रोखा, दार उघडा आणि ओढून बाहेर काढा. आत बसून उपचार करू नका.

पावसात किंवा वाऱ्यात बाहेर स्वयंपाक कसा करायचा, हा प्रश्न खरा आहे. तिन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा आडोसा टोळीने मिळून केला तर चार-पाच कोयत्यांचं काम भागतं. पूर्ण बंद आडोसा मात्र नको.

आता हिशेब

पहिलं गणित गॅसशी तुलनेचं. एक किलो गॅसमध्ये पेलेटच्या पावणेतीन पट उष्णता असते, आणि गॅसच्या शेगडीत ती वायाही कमी जाते. दोन्ही धरून एक किलो गॅसचं काम करायला साधारण चार किलो पेलेट लागते. घरातला सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ५७ किलो पेलेट.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. तुम्हाला सिलिंडर ज्या भावाने पडतो त्या रकमेला ५७ ने भागा. समजा ९०० रुपयांना पडतो, तर उत्तर येतं साधारण १६ रुपये. पेलेट गावात पोहोचून १६ रुपये किलोच्या आत मिळत असेल तरच ती गॅसपेक्षा स्वस्त. वीस रुपये असेल तर गॅस परवडला. भाव विचारताना कारखान्यातला भाव ऐकून खूश होऊ नका, टेम्पोभाडं धरून घरपोच भाव विचारा.

दुसरं गणित ऊसतोडीच्या हंगामाचं. आमच्या चाचणीत नवरा-बायको आणि दोन मुलं एवढ्या घराला दिवसाला दोनदा शेगडी भरावी लागली, मिळून सुमारे १.२ किलो. पाच महिन्यांचे १५० दिवस धरले तर १८० किलो. समजा १५ रुपये किलो भाव आहे, तर एका कोयत्याला हंगामाचे २,७०० रुपये. शेगडीची किंमत समजा ३,००० आहे.

आता तीस जणींचं बघा. शेगड्यांचं कर्ज ९०,००० रुपये. पण त्याच हंगामाच्या पेलेटला ८१,००० रुपये लागणार, आणि ते पुढच्या हंगामात परत लागणार, त्याच्या पुढच्याही. आपल्या ठरावात ९०,००० लिहिले आहेत. ८१,००० चा उल्लेख कुठेच नाही. ठराव थांबवला तो यासाठी. कर्ज शेगडीचं घेतलं तरी दरवर्षीचा खर्च इंधनाचा आहे.

तुम्ही म्हणाल, सरपण तर बांधावर फुकट मिळतं. अगदी फुकट म्हणता येणार नाही. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर अंधारात काटक्या शोधायच्या, मालकाची बोलणी खायची, पाचट जाळलं तर भडका आणि काजळी. ही किंमत पैशात दिसत नाही, पण ती बाईच भरते. पेलेटमुळे ती वाचणार असेल तर २,७०० रुपये जास्त नाहीत, असं एखादीला वाटू शकतं. ते तिने ठरवावं, पण आकडा बघून ठरवावं.

यापूर्वी काय झालं होतं

ही शेगडी आपल्या राज्यात पहिल्यांदा आलेली नाही. २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने एका मोठ्या तेल कंपनीने 'ऊर्जा' नावाची पंख्याची पेलेट शेगडी काढली. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ती खूप खपली. सगळ्या मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. गावोगावच्या बायकांनी ती विकण्याचं कामही केलं. शेगडी चांगली होती, धूर कमी होता.

नंतर पेलेटचा भाव चढत गेला. कारण ज्या चिपाडापासून आणि टरफलांपासून ती बनायची, त्याच मालाला कारखान्यांच्या बॉयलरसाठी मागणी वाढली. घरच्या ग्राहकाला तो भाव परवडेना. पुढे पाहणी झाली तेव्हा बहुतेक घरांत ती शेगडी वापरात नव्हती. आणि तिच्यात साधं लाकूड नीट जळत नाही, त्यामुळे पेलेट मिळाली नाही तर तिचा दुसरा उपयोगही नाही.

आज परिस्थिती काय? २०२१ साली केंद्र सरकारने कोळशावर चालणाऱ्या वीज प्रकल्पांना कोळशाबरोबर थोड्या प्रमाणात पेलेटसारखं जैवइंधन जाळणं बंधनकारक केलं. शेतातल्या काडीकचऱ्याला भाव मिळावा म्हणून ते चांगलंच आहे. पण पेलेट बनवणाऱ्याला एका फोनवर शेकडो टन घेणारा ग्राहक मिळत असेल, तर आपल्या दोन पोत्यांसाठी तो थांबेल का? म्हणून शेगडी कोण विकतो याच्या आधी पेलेट कोण देणार, हे विचारा.

पेलेट पारखायची कशी

पोतं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गोळी दोन बोटांत मोडा. कट् आवाज करून तुटली पाहिजे. नुसती चुरगळली तर ओल आहे किंवा दाब कमी बसला आहे. अंग गुळगुळीत, थोडं चकचकीत असावं. ग्लासभर पाण्यात टाका. चांगली गोळी तळाला जाते आणि मग हळूहळू फुलते. वर तरंगली तर हलकी आहे. पोत्याच्या तळात हात घाला. खाली पसाभर भुगा ठीक, चार-पाच ओंजळी असेल तर तेवढे पैसे फुकट गेले, कारण भुगा हवा अडवतो.

वास घ्या. लाकडाचा किंवा भाजल्यासारखा वास हवा. रंग, डिंक असा उग्र वास आला तर घेऊ नका. प्लायवूड आणि रंगवलेल्या फर्निचरच्या भुशात रसायन असतं, त्याचा धूर अन्नाजवळ नको. भाताच्या तुसाची पेलेट स्वस्त मिळाली तरी राख फार सोडते, दर वेळी डबा साफ करत बसावं लागेल.

साठवताना पोतं फळीवर किंवा विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका, तोंड घट्ट बांधा. ट्रॅक्टरमध्ये नेताना वर ताडपत्री हवीच. आणि गोळी पेंडीच्या पोत्याशेजारी ठेवू नका. जनावराच्या गव्हाणीत चुकून गेली तर पंचाईत.

मग कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

घरात गॅस आहे आणि सिलिंडर नियमित भरता येतो, तिने गॅस सोडून ही घेऊ नये. अंगणात अंघोळीचं पाणी तापवायला, नाही तर लग्नकार्यात जोडीला वापरायची असेल तर ठीक आहे. पण त्यासाठी कर्ज कशाला?

चहा-वड्याचा गाडा असलेल्या बहिणींना फायदा होऊ शकतो. त्यांचं काम उघड्यावर असतं, जाळ सलग लागतो आणि दोन पोती एकदम घ्यायची त्यांची ऐपत असते. त्यांनी वरची ५७ ची कसोटी लावून बघावी. मात्र त्यांना गॅस व्यवसायाच्या सिलिंडरच्या भावाने पडतो. तो १९ किलोचा असतो, म्हणून भागायचं ७६ ने.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी तीन गोष्टी जमत असतील तरच घ्यावी. पूर्ण हंगामाची पेलेट निघतानाच बरोबर नेता आली पाहिजे. एका कोयत्याची १८० किलो, म्हणजे ४० किलोची साडेचार पोती, ती वाहनात चढवायला मुकादमाशी आधीच बोलावं लागेल. दुसरं, टोळीने बाहेर स्वयंपाकाची जागा केली पाहिजे. तिसरं, शेगडी पंख्याची असेल तर बॅटरी चार्ज करायची सोय पाहिजे, नाही तर बिनपंख्याचीच घ्या. यातलं एक जरी जमत नसेल तरी ५ किलोच्या छोट्या सिलिंडरची चौकशी करा. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याला सरकारी सूट नसते, त्यामुळे भाव विचारून त्याला २० ने भागा आणि पेलेटच्या भावाशी ताडून बघा. आणि तोही कोपीत नाही, बाहेरच वापरायचा.

पुढच्या बैठकीत काय करायचं

माझा प्रस्ताव असा. तीस शेगड्यांचं कर्ज एकदम नको. प्रत्येक गावाच्या ग्रामसंघाने एकच शेगडी आणि दोन पोती पेलेट घ्यावी. ती पाच घरांत आठ-आठ दिवस फिरवावी. रोज किती पेलेट लागली ते वजन करून गटाच्या वहीत लिहावं. काट्याचं वजन नसेल तर एक ठरलेला डबा घ्या आणि किती डबे लागले ते लिहा.

त्याच वेळी विक्रेत्याला बैठकीला बोलवा आणि हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारा. पेलेट कुठून येते आणि घरपोच भाव काय? हाच भाव किती महिने राहील, कागदावर लिहून देणार का? हंगामात कारखान्याच्या गावात पोहोचवणार का? पेलेट संपली तर या शेगडीत दुसरं काय जळतं? पंखा, बॅटरी, आतला पत्रा खराब झाला तर सुटा भाग मिळतो का, किती रुपयांना? "पहिलं पोतं फुकट" म्हणाला तर दुसऱ्या पोत्याचा भाव विचारा. सगळी उत्तरं इतिवृत्तात लिहून त्याची सही घ्या.

एवढं करायला दीड महिना लागेल. म्हणजे या दसऱ्याला शेगड्या मिळतीलच असं नाही, हे मला माहीत आहे. ज्या बहिणी यंदा निघणार आहेत त्यांच्यापैकी दोन टोळ्यांबरोबर आपण एकेक शेगडी आणि हंगामभराची पेलेट प्रभाग संघाच्या खर्चाने पाठवू शकतो. पाडव्याला त्या परत आल्या की काय चाललं, काय नाही, ते त्याच सांगतील. माझ्या लेखापेक्षा त्यांचा शब्द मोठा राहील.

चाचणीची वही मी पुढच्या मासिक बैठकीला घेऊन येते. तुमच्या घरी सध्या महिन्याला सरपण, गोवऱ्या, गॅस मिळून किती खर्च होतो ते तेवढं प्रत्येकीने लिहून आणा. मग आकडे समोर ठेवून ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक